लिथारीची अडतीस मतं

पेत्रोव्रिसीत संध्याकाळी सात वाजता कोणी मरत नसे. मरायचंच असेल तर पावणेसातच्या आत, म्हणजे असिमिना लिआकूला त्याच दिवशी नाव वाचता येई. नाहीतर मेलेला माणूस उगाच एक दिवस शिळा होई आणि घरचे त्याबद्दल त्याला मनातल्या मनात बोल लावत.

गावचं चॅनेल फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर होतं. असिमिना तिथे बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून बातम्या देत होती. पडद्यावर ती कमरेपर्यंत दिसे: निळा कोट, घट्ट मागे बांधलेले केस, पाठीमागे दगडी पुलाचं चित्र. कमरेखाली लोकरीच्या सपाता आणि विजेची शेगडी असे, पण तो भाग बातमीत येत नसे. लांडग्यांनी किती मेंढ्या नेल्या, कुठला घाट बर्फाने बंद आहे, मंत्री यान्निना शहरात येऊन काय बोलून गेला, कोणाला उद्या पुरायचं आहे आणि कोणाच्या चाळिसाव्याची प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये आहे, हे सगळं ती एकाच आवाजात वाचे. मंत्री आणि मेंढी यांत फरक न करणारं दुसरं माणूस त्या डोंगरात नव्हतं. लोकांचा तिच्यावर विश्वास बसला तो यामुळे.

बस ड्रायव्हरची मुलगी. अथेन्सला तीन वर्षं शिकली, गावात चॅनेल निघाल्यावर परत आली. पुढे एकदा अथेन्सच्या एका मोठ्या चॅनेलने तिला बोलावून घेतलं. अकरा दिवसांत ती पुन्हा गावात हजर. आई लांब्रिनीने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "तिथे मेलेल्यांची नावं वाचत नाहीत." लांब्रिनीला हे कारण पूर्ण पटलं.

अथेन्सवाल्यांनी बोलावलं होतं ते तिच्या एका बातमीमुळे. नगराध्यक्ष थ्रासिवुलोस झीकोस यांनी तोवर एकशे चौसष्ट मुलांना तेल लावलं होतं. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभं राहून मुलाच्या अंगाला तेल चोळलं होतं, मोठ्याने नाव सांगितलं होतं आणि गळ्यात सोन्याचा क्रॉस घातला होता. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे सोयरीक. ज्याने पोराला तेल लावलं त्याच्याविरुद्ध मत द्यायचं म्हणजे जेवणाच्या ताटात थुंकायचं. असिमिनाने नगरपालिकेच्या पायरीवर उभं राहून साधा हिशेब सांगितला: एका मुलामागे आई, बाप, दोन आज्या, दोन आजोबा, एखादा लग्न न झालेला काका. गुणाकार तिने केला नाही, तो लोकांनी घरी केला.

झीकोस काही लेचापेचा माणूस नव्हता. त्याने ना खटला भरला, ना शिव्या दिल्या. पुढचा बाप्तिस्मा झाला तेव्हा साखरेत घोळलेल्या पाच बदामांची रेशमी पुरचुंडी, जी पाहुण्यांना देतात तीच, त्याने चॅनेलवर पाठवली. सोबत चिठ्ठी: "एकशे पासष्ट. नोंद असावी." तेव्हापासून दर बाप्तिस्म्याला पुरचुंडी येऊ लागली. असिमिनाने एकही उघडली नाही आणि एकही फेकली नाही. कपाटावर त्या ओळीने बसल्या होत्या, पांढऱ्या, गुलाबी, निळ्या.

असं सगळं ठीक चाललेलं असताना ती राजकारणात गेली ती एका वाक्यापायी. "आरोग्य केंद्राला अद्याप डॉक्टरची प्रतीक्षा आहे." हे वाक्य तिने नऊ वर्षांत दोनशे चौदा वेळा वाचलं होतं. कॅमेरामन फानुरीसने तर केंद्राचं नवं चित्रण करणंही सोडून दिलं होतं. जुनंच लावायचा. दार तेच, कुलूप तेच, दाराशी झोपलेला कुत्रा मात्र मधल्या काळात मेला होता. त्यातल्या शेवटच्या वेळी, एका मार्चमध्ये, असिमिनाने ते वाक्य वाचायला घेतलं आणि "अद्याप" या शब्दावर थांबली. गावाने चार सेकंद श्वास रोखला. बाई गेली की काय, असं अनेकांना वाटलं. मग तिने वाक्य पूर्ण केलं, दिवे बंद झाल्यावर सपाता काढल्या, बूट घातले आणि मालकाला जाऊन सांगितलं, "ऑक्टोबरच्या निवडणुकीला मी उभी राहतेय. नगराध्यक्षपदाला."

"थ्रासिवुलोसच्या विरुद्ध?" मालक म्हणाला. "अगं, माझ्या दोन्ही पोरांना त्यानेच तेल लावलंय!"

"माहितेय. बातमीत होतं."

लांब्रिनी भाजीची पिटा करायला पीठ लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "टीव्हीवर तू सगळ्यांची होतीस. उद्यापासून अर्ध्यांची."

"अर्धी मिळाली तरी पुरेत, आई."

"अर्धी आणि एक," लांब्रिनी म्हणाली. चाळीस वर्षं बस ड्रायव्हरबरोबर संसार केलेली बाई, नियम पाठ.

दोनच उमेदवार होते, त्यामुळे कोणाला लपायला जागा नव्हती. प्रचाराच्या पहिल्या दिवशी असिमिना चौकातल्या चिनाराखाली उभी राहिली आणि सातच्या बातम्यांच्या आवाजात म्हणाली, "या निवडणुकीत मी एकाही मुलाला तेल लावणार नाही." टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. झीकोस कॉफीहाउसच्या दारात उभा होता, त्यानेही वाजवल्या.

मतदानाला चौदा दिवस असताना ती लिथारीला गेली. लिथारी म्हणजे डोंगराच्या अगदी माथ्यावरची वस्ती. घरं सतरा, मतदार अडतीस, आणि रस्ता असा की खाली उतरणाऱ्या गाडीला वर चढणारी गाडी दिसली की दोघांपैकी एकाला देव आठवतो. गाडी फानुरीस चालवत होता. चॅनेल दोन्ही उमेदवारांचं सारखंच चित्रण दाखवत असे, म्हणून कॅमेराही बरोबर होता.

वस्तीतलं कॉफीहाउस भरलं होतं. खाइदो म्हातारी, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात, स्वतः उठून आली आणि असिमिनापुढे साखरेत मुरवलेल्या क्विन्स फळाची बशी, चमचा आणि थंड पाण्याचा ग्लास ठेवला. मग तिचा मुलगा स्तेर्गिओस उभा राहिला. दोनशे मेंढ्या राखणारा गडी, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की टोपी पिळायचा.

"असिमिनाबाई," तो म्हणाला, "आमची पोर आठ महिन्यांची झाली. अजून नाव नाही, नुसती बेबा. आई म्हणते, तेल तुम्हीच लावायचं."

आमच्याकडे बाप्तिस्म्याला नाही म्हणत नाहीत. वैऱ्याने विचारलं तरी नाही म्हणत नाहीत. पाप लागतं आणि पोराचं नशीब फिरतं, असं निदान आज्या तरी सांगतात. असिमिनाने पहिल्यांदा स्तेर्गिओसकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या स्वतःच्या पोस्टरकडे, मग फानुरीसच्या कॅमेऱ्याकडे, ज्याचा लाल दिवा लागलेला होता. आणि ती पाठ सरळ करून म्हणाली, "तुमचा मान मोठा आहे. पण मी चौकात शब्द दिलाय. मतांसाठी मी कोणाच्या लेकराला हात लावणार नाही."

वाक्य चांगलं होतं. खाली पेत्रोव्रिसीत टाळ्या पडल्या असत्या. इथे खाइदो म्हातारी पुढे झाली, असिमिनाने चमचाही न लावलेली बशी तिने उचलली आणि फानुरीसला म्हणाली, "डबा चालू आहे ना रे तुझा? राहू दे चालू. दिसू दे लोकांना." आणि बशी घेऊन आत गेली.

अर्धा घाट उतरेपर्यंत फानुरीस काही बोलला नाही. फानुरीस गप्प म्हणजे इंजिन बिघडल्यासारखंच होतं.

"बोल काय ते," असिमिना म्हणाली.

"मी कशाला बोलू? उमेदवार तू आहेस."

"मला विकत घ्यायला बघत होते ते. अडतीस मतं, एक बाप्तिस्मा. झीकोसकडे हाच भाव चालतो."

फानुरीसने वळणावर गाडी उभी केली. तिथे उभी करू नये, असा फलक होता. "सात वर्षांपूर्वीचा बर्फ आठवतो?"

आठवत होता. लिथारी अकरा दिवस तुटली होती, ती दोघं चार तास चालत वर गेली होती, आणि त्या रात्रीच्या बातमीमुळे बाराव्या दिवशी बर्फ काढायचं यंत्र आलं होतं. त्याबद्दल तिला यान्निनाच्या पत्रकारांनी प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते कपाटावर बदामांच्या मागे होतं.

"यंत्राचं सगळ्यांना आठवतं," फानुरीस म्हणाला. "खाइदोचा नवरा, नाउम, मरून पाच दिवस आतल्या खोलीत पडून होता. पाद्री येईना, पुरता येईना. मी कॅमेरा चालू करून आत शिरलो. असलं चित्र अथेन्सने मुख्य बातमीला लावलं असतं. तू काय केलंस?"

असिमिनाला आठवेना.

"तू लेन्सवर हात ठेवलास. म्हणालीस, 'बंद कर, माणूस घरी आहे.' आणि म्हातारीजवळ बसलीस. मी आणि स्तेर्गिओसने कबर खणली, तू प्रार्थना वाचलीस. पाद्रीची ओळ विसरलीस तेव्हा बातम्यांसारखंच काहीतरी जोडून दिलंस. म्हातारी तेव्हाच म्हणाली होती, या घरात पुढचं पोर येईल त्याला ही बाई तेल लावेल. मग सात वर्षं पोर झालं नाही. आता झालं." त्याने गाडी सुरू केली. "निवडणूक मध्ये आली हा काय त्या पोरीचा दोष?"

बावीस वर्षांत असिमिनाने कोणाचं नाव चुकीचं वाचलं नव्हतं. आज तिने आख्खं घर चुकीचं वाचलं होतं, तेही त्यांच्याच कॉफीहाउसात, कॅमेऱ्यासमोर, आणि स्वतःवर खूश होऊन. फानुरीसने ते चित्रण चॅनेलला दिलं नाही. टेप खराब निघाली, असं त्याने मालकाला सांगितलं. चॅनेलवर दहा वर्षं टेप वापरत नव्हते, पण मालकाला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वर गेली, कॅमेऱ्याशिवाय, चालत. खाइदो अंगणात चेस्टनट निवडत होती. बस म्हणाली नाही, पण हाकललंही नाही. असिमिना पायरीवर बसली आणि चेस्टनट निवडू लागली. बराच वेळ दोघी किडके एकीकडे, चांगले एकीकडे करत राहिल्या.

"माझं चुकलं," असिमिना म्हणाली.

"चुकलंच."

"तेल लावते मी. पण मतदान झाल्यावर. लगेच पुढच्या रविवारी. हरले तरी, जिंकले तरी."

म्हातारीने एक चेस्टनट उन्हात धरून पाहिला. "आणि आम्ही मत कोणाला द्यायचं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मत गुप्त असतं."

"अडतीस माणसांत गुप्त?" खाइदो हसली. तिला पुढचे तीन दात होते आणि तिन्ही हसले. "पोरी, इथे कोंबडीने अंडं घातलं तरी वस्तीला कळतं, पांढरं की तपकिरी. आम्ही सगळे तुला देणार होतो. दिली, तू निवडून आलीस, आणि आठ दिवसांनी तेल लावायला आलीस, तर तो थ्रासिवुलोस काय म्हणेल? म्हणेल, आधी मतं, मागून तेल. हिची पद्धत उलटी, एवढंच. आणि माझी नात जन्मभर मतांच्या बदल्यात मिळालेल्या धर्ममातेची म्हणून फिरेल. तसलं नाही चालायचं माझ्या घरात."

"मग?"

"मग निवड. मतं घे, नाहीतर पोर घे. दोन्ही नाही."

असिमिनाने हातातला चेस्टनट खाली ठेवला. तिला आकडे पाठ होते. कुठल्या वस्तीत किती, कुठल्या गल्लीत किती. लढत काठावरची होती आणि अडतीस मतं म्हणजे काठाचा दगड. त्याच्या पलीकडे आरोग्य केंद्राचं दार होतं, कुलूप होतं, दोनशे चौदा वेळा वाचलेलं वाक्य होतं. एवढं सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात आतल्या खोलीत पाळण्यातून कुरकुरणारी, नाव नसलेली आठ महिन्यांची एक बेबा. कोणत्याही शहाण्या सल्लागाराने मतं घ्यायला सांगितलं असतं. पण सल्लागार गाडी खराब होईल म्हणून लिथारीला येत नसत.

"झीकोसला तरी देऊ नका," ती शेवटी म्हणाली.

"त्याला?" खाइदोने किडका चेस्टनट कुत्र्याकडे फेकला. "आम्ही डोंगरातले आहोत, वेडे नाही." मग ती आत गेली आणि कालचीच क्विन्सची बशी घेऊन आली. यावेळी असिमिनाने चमचा चाटूनपुसून स्वच्छ केला.

मतदानाच्या संध्याकाळी गाव चौकात उभं होतं. पेट्या एकामागून एक उघडत होत्या आणि चॅनेलवर मालकाची भाची आकडे वाचत होती, निम्म्या वस्त्यांची नावं चुकवून. लोक कानावर हात ठेवून असिमिनाकडे बघत, जणू तिनेच उठून दुरुस्त करावं. आठ वाजता झीकोस चाळीसने पुढे होता. साडेआठला असिमिना बाराने. नऊला झीकोस सव्वीसने पुढे, आणि राहिली एकच पेटी. लिथारीची.

चौक गलका करू लागला. लिथारी! बर्फातली लिथारी! कोणीतरी असिमिनाच्या खांद्यावर थाप मारली, कोणीतरी त्सिपुरो दारूची बाटली उघडली. झीकोसच्या टेबलाशी माणसं खुर्च्या आवरू लागली. असिमिना मात्र आईशेजारी हात बांधून बसली होती.

तिकडे लिथारीच्या बंद पडलेल्या शाळेत अथेन्सहून आलेला एक तरुण वकील मतं मोजत होता. त्याने पहिलं पाकीट उघडलं: कोरी पत्रिका. दुसरं: कोरी. दहाव्या पाकिटाला त्याने चष्मा पुसला. विसाव्याला त्याने दारात उभ्या असलेल्या फानुरीसला विचारलं, "इथल्या लोकांना लिहिता-वाचता येतं ना?"

"तुमच्यापेक्षा बरं," फानुरीस म्हणाला.

अडतीसच्या अडतीस कोऱ्या निघाल्यावर वकिलाने यान्निनाला फोन लावला आणि वस्तीत काही साथबीथ आहे का, याची चौकशी केली. शेवटी खाइदो म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "बाळा, सगळं बरोबर आहे. लिही आणि जेवायला चल."

चौकात आकडा आला तेव्हा आधी कोणाला कळेनाच. भाचीने तो दोनदा वाचला. लिथारी हे नाव तिने दोन्ही वेळा बरोबर उच्चारलं, हे विशेष. सव्वीस मतांनी झीकोस. असिमिनाच्या माणसांनी कपाळाला हात लावले. एक बाई रडायला लागली. बाटली उघडणाऱ्याने ती बंद करायचा प्रयत्न केला. आणि असिमिनाच्या चेहऱ्यावर हसू आलं. ती मोठ्याने हसणारी बाई नव्हे, पण तिला ते आवरेना. अडतीस माणसांनी दिलेला शब्द एकाही माणसाने मोडला नव्हता, आणि हे त्या चौकात एकट्या तिलाच नेमकं कळत होतं.

एकटीला नव्हे. लांब्रिनीने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माझी मुलगी अडतीस मतं परत करून सव्वीसने हरलीय. करा वजाबाकी."

पुढच्या रविवारी लिथारीच्या चर्चमध्ये बेबा हंडाभर रडली. पाद्रीने तिला तीनदा पाण्यात बुडवलं, असिमिनाने कोपरापर्यंत बाह्या सारून तिला तेल चोळलं, एवढ्या नेटाने की पाद्री पुटपुटला, "बाई, पोर आहे, दार नाही." मग त्याने नाव विचारलं. बेबाची आई आग्लाइया रिवाजाप्रमाणे बाहेर उभी होती आणि तिच्यापर्यंत ते नाव धावत न्यायला वस्तीतली पोरं दारात टपून होती. पण कोणालाच धावावं लागलं नाही. असिमिनाने सातच्या आवाजात सांगितलं, "खाइदो." भिंतीपलीकडे, अंगणापलीकडे, मेंढ्यांपर्यंत ते ऐकू गेलं. म्हातारी पहिल्या रांगेत होती. तिने छातीवर क्रॉसची खूण केली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बाई कधी नाव चुकत नाही."

नोव्हेंबरात नगरपालिकेची पहिली सभा भरली. हरलेल्या गटाची प्रमुख म्हणून असिमिनाला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. खाली शेगडी नव्हती, म्हणून तिने बूट घातले होते. सभा चॅनेलवर थेट दाखवत होते आणि कॅमेऱ्यामागे फानुरीस उभा होता. नगराध्यक्ष झीकोस बसले तेव्हा त्यांच्यापुढे पांढऱ्या रेशमाची एक लहानशी पुरचुंडी ठेवलेली होती. त्यांनी ती उलटून पाहिली. चिठ्ठी नव्हती.

"किती झाली?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"एक."

"आणि मतं?"

"एकही नाही."

झीकोसनी फीत सोडली आणि एक बदाम तोंडात टाकला. एकशे ब्याण्णव मुलांचा धर्मपिता, पण एवढ्या वर्षांत आपल्या पुरचुंडीतला बदाम त्यांनी स्वतः कधी खाल्ला नसावा. साखर चांगलीच कडक लागली. त्यांनी तो गालात फिरवला. थुंकता येईना, चावता येईना, सभा थेट चाललेली. तेवढ्यात असिमिना कागद हातात घेऊन उभी राहिली आणि पेत्रोव्रिसीत घरोघरी टीव्हीचा आवाज वाढवला गेला.

"आरोग्य केंद्राला अद्याप डॉक्टरची प्रतीक्षा आहे," तिने वाचलं. दोनशे पंधरावी वेळ. "अद्याप" या शब्दावर ती थांबली नाही. मग कागद खाली ठेवून ती पुढे म्हणाली, "नियम चौदाप्रमाणे नगराध्यक्षांनी उत्तर द्यायचं आहे. बदाम संपेपर्यंत सभा थांबेल."